पत्रिका मिटल्यावर

सांगलीच्या गावभागात आमचं जुनं घर आहे. बँकेत सव्वीस वर्षं नोकरी केली आणि २००१ साली स्वेच्छानिवृत्ती घेतली. मामंजींकडून पंचांग आणि पत्रिका शिकणं नोकरीत असतानाच चाललेलं होतं, रात्रीची भांडी आवरल्यावर. ते गेले आणि त्यांच्याकडे येणारी माणसं माझ्याकडे येऊ लागली. पुढे समुपदेशनाचा एक अभ्यासक्रमही केला. तेव्हा आमच्या ज्योतिषी मंडळींना वाटलं, ही बाई बाटली. समुपदेशनाच्या वर्गातल्या मुलींना वाटलं, ही बाटलेलीच आली आहे. दोन्हीकडचं ऐकून घेतलं. एवढ्या वर्षांत जे कळलं ते क्रमांक घालून लिहिते, एवढाच बँकेतला संस्कार.

१. दारात विचारलेला प्रश्न खरा नसतो.

एक बाई मुलाच्या लग्नाचं विचारायला आल्या. गुरू कुठे आहे, स्थळ कोणत्या दिशेचं, हे सगळं झालं. चहाचा कप खाली ठेवताना सहज म्हणाल्या, "सून आली की घरात कोणीतरी बोलणारं होईल." मग हळूहळू बाहेर आलं. यजमान निवृत्त झाल्यापासून दिवसाला चार वाक्यंसुद्धा बोलत नव्हते. मुलगा निवांत होता, त्याला लग्नाची घाईच नव्हती.

काउंटरवर बसलेल्याला हे नवं नाही. पैसे काढायची स्लिप भरताना माणसाचा हात कसा चालतो, त्यावरून पैसे लग्नाला लागताहेत की दवाखान्याला, हे कळायचं. आता मी पहिली पंधरा मिनिटं पत्रिका पालथी ठेवते. काहींना ते आवडत नाही. "ताई, आधी बघा तरी," म्हणतात. बघते म्हणते, आणि बघत नाही.

२. जन्मवेळेशी घाई करू नये.

लग्नरास, म्हणजे जन्माच्या वेळी पूर्वेला उगवत असलेली रास, साधारण दोन तासांत बदलते, लग्नाचा अंश चार मिनिटांत. म्हाताऱ्या माणसांच्या टिपणात तर घड्याळच कोणतं धरायचं हा प्रश्न असतो. १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या युद्धाच्या काळात देशभर घड्याळं तासभर पुढे केलेली होती. त्याशिवाय मुंबईचा आपला स्वतंत्र टाइम होता, स्टँडर्डपेक्षा ३९ मिनिटं मागे. तरुण ज्योतिषी सॉफ्टवेअर वापरतात, पण त्यात भरायची वेळ तर माणसानेच सांगायची असते.

एका आजोबांना फक्त एवढंच माहीत होतं, "दिवे लागले होते आणि गाय अजून यायची होती." त्यावरून लग्न काढायला तासभर लागला. त्या तासात ते आईविषयी इतकं बोलले की काढलेलं लग्न बघायचं राहूनच गेलं.

३. हिशेब ठेवावा, आणि तो स्वतःला दाखवावा.

पहिल्या दिवसापासून मी रजिस्टर ठेवलं: तारीख, काय सांगितलं, काय झालं. पाचेक वर्षांनी एका चैत्रात बेरजा करायला बसले. रकाने जुळेनात. ठळक खरं ठरलेलं सगळं लक्षात होतं, कारण माणसं पेढे घेऊन सांगायला आली होती. चुकलेलं सांगायला कोण येतं? मी फोन करून विचारलं तेव्हा कळलं. छापा-काटा करून जितकं बरोबर आलं असतं, माझं त्याहून फार पुढे नव्हतं. ही बेरीज मी बराच काळ कोणाला दाखवली नाही.

मग २००८ साली खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांनी महाराष्ट्रातल्या ज्योतिषांना जाहीर आव्हान दिलं. शंभर हुशार मुलं आणि शंभर मतिमंद मुलं यांच्या पत्रिका एकत्र करून त्यांतल्या चाळीस-चाळीस प्रत्येकाला दिल्या. कोणती कोणाची, एवढंच ओळखायचं होतं. उत्तरं पाठवली सत्तावीस जणांनी. सर्वांत चांगला निकाल चाळीसपैकी चोवीस, आणि सगळ्यांची सरासरी निम्म्याच्याही खाली. एका संस्थेने दोनशेच्या दोनशे पत्रिका तपासल्या, त्यांतल्या १०२ बरोबर निघाल्या. आमच्या मंडळात खूप आरडाओरडा झाला. पद्धतच चूक, अशी चाचणी असते का, वगैरे. मी गप्प होते. माझं रजिस्टर तेच सांगत होतं.

पत्रिका मानणाऱ्यांना मानसशास्त्रज्ञ युंगचं नाव पुढे करायला आवडतं. त्याने विवाहित जोडप्यांच्या पत्रिका तपासल्या हे खरं आहे. पहिल्या गठ्ठ्यात १८० जोडपी होती, आणि एकाच्या चंद्राची दुसऱ्याच्या रवीशी युती त्यात उठून दिसली. पुढचे गठ्ठे आले तसा तो ठसा विरत गेला. पाहणाऱ्याच्या उत्सुकतेचाही त्यात हात असावा, असं त्यालाच वाटलं. हा दुसरा भाग व्याख्यानांत कोणी सांगत नाही. मला मात्र तोच उपयोगी पडला.

मग हा उद्योग बंद का केला नाही? कारण माणसं यायची थांबली नव्हती. त्यांना भविष्य सांगणं मी कमी केलं, त्यांच्याशी बोलणं वाढवलं. पत्रिका हे निमित्त झालं. पण फार मोठं निमित्त. "मानसोपचारतज्ज्ञाकडे जातो" म्हणायची ज्यांची छाती होत नाही, ते "पत्रिका दाखवून येतो" असं सगळ्या घरासमोर सांगून निघू शकतात.

४. "तुमचा स्वभाव अगदी बरोबर सांगितलात" ही दाद खिशात घालू नये.

१९४८ साली फोरर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने वर्गातल्या ३९ विद्यार्थ्यांना स्वभावाचं वर्णन लिहून दिलं. तुम्हाला लागू पडतं का, पाचपैकी गुण द्या. सरासरी आली ४.२६. वर्णन सगळ्यांना एकच होतं, आणि त्यातली वाक्यं त्याने बाजारात मिळणाऱ्या ज्योतिषाच्या पुस्तकातून उचलली होती.

५. दोषाचं गणित आधी बोटांवर करावं.

मंगळ पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या किंवा बाराव्या स्थानी असला की मंगळाची पत्रिका. बारा स्थानांतली पाच गेली. म्हणजे वर्गातल्या दर बारा मुलींतल्या साधारण पाच जणी "कडक". नाडीचं तसंच. सत्तावीस नक्षत्रांचे नऊ-नऊचे तीन गट, त्यामुळे कोणतीही दोन माणसं उचला, साधारण दर तिसऱ्या जोडीला एकनाड येते आणि छत्तीसातले आठ गुण एका झटक्यात जातात. ज्या कालसर्पाची भीती दाखवून लोकांना शांत करायला पाठवतात, तो योग मी ज्या बृहज्जातकावरून शिकले त्यात नाही.

हे गणित मी उशिरा केलं. त्याआधी एका घरात एकनाड पाहून "नको" म्हणून बसले होते. मुलगा-मुलगी एकमेकांना ओळखत होती, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं. लग्न मोडलं. काही वर्षांनी मंडईत एक बाई समोर आली आणि म्हणाली, "ओळखलंत का?" मेथीच्या जुड्या हातात घेऊन आम्ही दोन मिनिटं उभ्या होतो. तिने काहीच ऐकवलं नाही. तिचं पुढे बरं झालं की वाईट, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

त्यानंतर गुणमेलनाला आलेल्यांना मी आधी विचारते, "पोरं बोललीत का एकमेकांशी?"

६. मरण, पोटातलं बाळ आणि कोर्टाचा निकाल. या तीन गोष्टी सांगत नाही.

बाळाच्या बाबतीत गर्भलिंग तपासण्यावर बंदी घालणारा १९९४ चा कायदा आहेच. नसता तरी सांगितलं नसतं.

७. प्रारब्ध आणि क्रियमाण हे शब्द वेगवेगळे आहेत, म्हणून ते वेगळे वापरावेत.

माझ्या कामात अध्यात्म आणि मानसशास्त्र भेटतात ते इथे. जे घडून गेलं, ज्या घरात जन्म झाला, ते प्रारब्धाच्या खात्यावर. आज संध्याकाळी मी काय करणार, ते क्रियमाण. अल्बर्ट एलिसच्या विवेकनिष्ठ मानसोपचारात घटना वेगळी आणि घटनेविषयी मी मनात जे घोकत बसते ते वेगळं, अशी फोड करतात. ती पहिल्यांदा वाचली तेव्हा मामंजी हेच चंद्रावरून, म्हणजे मनावरून, समजावायचे, हे आठवलं. शनी दार वाजवतो, दार उघडायला चंद्र जातो, असं म्हणायचे.

पन्नाशीचे एक गृहस्थ साडेसातीने हैराण होऊन आले. शनीला सगळं राशिचक्र फिरायला साडेएकोणतीस वर्षं लागतात, तीन राशींना मिळून साडेसात. म्हणजे जगलेल्या प्रत्येकाच्या वाट्याला ती येते, दोनदा-तीनदासुद्धा. हे सांगून त्यांचं समाधान झालं नाही. त्यांना उपाय हवा होता. बोलताना कळलं की वडील त्याच वाड्यात मागच्या खोलीत राहतात आणि जमिनीवरून दोघांचं बोलणं बंद आहे. मी म्हटलं, शनी म्हणजे थकलेली, बाजूला पडलेली माणसं. सात शनिवार वडिलांजवळ अर्धा तास बसायचं. जमीन हा शब्द काढायचा नाही.

ते माझ्याकडे बघत राहिले. "काकू, काळ्या उडदाचं काही नाही का?"

"उडीदही दान करा," म्हटलं. "पण बसायचं आधी."

चार शनिवार बसले, पाचव्याला भांडण झालं, सहाव्याला पुन्हा गेले. जमिनीचं अजून मिटलेलं नाही.

खडे मी विकत नाही. विकणाऱ्याचं नावही सुचवत नाही.

८. आपल्या मनाची पत्रिका आधी मांडावी.

एकाला मी वाहन जपून चालवा असं सांगितलं होतं. महिन्याभरात त्याचा पाय मोडला. बातमी आली तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा आलं, बघा, सांगितलं होतं! हळहळ नंतर आली, अर्ध्या सेकंदाने असेल, पण नंतर. पुढे इगतपुरीला विपश्यनेच्या दहा दिवसांत, बोलणं बंद असताना, तो अर्धा सेकंद रोज समोर येऊन बसायचा. खरं ठरण्याची हाव. जपाने ती गेली नाही. फक्त आली की ओळखू येते.

९. रजिस्टर गेलं तर जाऊ द्यावं.

ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी पाणी पंचावन्न फुटांच्या वर गेलं. आमच्या घरात कृष्णा माडीच्या पायऱ्या चढून आली. गादी, धान्य आणि अठरा वर्षांच्या वह्या गेल्या. पाणी उतरल्यावर वह्यांचा लगदा फावड्याने ओढला. चिखल काढायला आलेल्या एका पोराने अगदी निरागसपणे विचारलं, "मावशी, तुम्हाला आधी कळलं नव्हतं?" मी हसले. त्या आठवड्यात पहिल्यांदाच हसले असेन.

पुढचे दोन महिने माणसं आली ती पत्रिका न घेताच, कारण त्यांच्याही पत्रिका वाहून गेल्या होत्या. दुकान, म्हैस, रात्री पाण्याचा आवाज ऐकू येणं, असं बोलत बसायची. त्या काळात मी एकही कुंडली मांडली नाही आणि कोणी मागितलीही नाही.

१०. आपलं अंगण कुठे संपतं ते माहीत असावं.

रात्र-रात्र झोप नाही, जेवण सुटलंय, "मी नसलो तर सुटतील सगळे" असं वाक्य आलं, की पंचांग मिटायचं. त्यात राहूची दशा शोधत बसणं हा अपराध आहे. अशा वेळी मी घरच्यांना बोलावते, डॉक्टरांकडे स्वतः सोबत जाते, आणि बाहेरचं काही असेल या शंकेवर वेळ घालवू देत नाही. शांत करायची असेल तर नंतर करा, गोळ्या आधी.

माझ्या खोलीत दाते पंचांगाशेजारी भिंतीवर मोठ्या आकड्यांत एक नंबर लिहिलेला आहे: १४४१६. सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा आहे, ती चोवीस तास चालते आणि मराठीतही बोलता येतं. तुमच्या घरात पंचांग असेल तर त्याच्या पहिल्या पानावर हा नंबर लिहून ठेवा. पेनानेच लिहा.