स्वस्त कृष्णधवल रोल : पैसे नेमके कुठे वाचतात?

इल्फर्ड एचपी५ प्लस आणि केंटमियर ४०० हे दोन्ही रोल एकाच कारखान्यातून येतात. इंग्लंडमध्ये चेशायर परगण्यातल्या मोबर्ली गावी हार्मन टेक्नॉलॉजीचा हा कारखाना आहे. फिल्म विकणारा हे सांगतो आणि लगेच पुस्ती जोडतो, ‘‘आत तीच फिल्म आहे, फक्त डबी वेगळी.’’ यातलं पहिलं विधान खरं आहे, पुस्ती खोटी. केंटमियर ही मुळात फोटोच्या कागदाची जुनी ब्रिटिश कंपनी. २००७ मध्ये हार्मनने ती विकत घेतली आणि त्या नावाने स्वस्त फिल्म काढली. यंत्रं तीच असली तरी लेप वेगळा आहे. एचपी५ चार हजारदा वापरलेला माणूस केंटमियरची निगेटिव्ह उजेडासमोर धरून फरक सांगेल. नवशिक्याला तो कदाचित वर्षभर दिसणारही नाही, आणि त्याच्यासाठी ही चांगलीच बातमी आहे.

‘स्वस्त फिल्म’ या एका नावाखाली बाजारात वेगवेगळा माल फिरतो. एक, उत्पादकाने स्वतःच काढलेली दुय्यम श्रेणी, म्हणजे केंटमियर. दोन, दुसऱ्याची फिल्म आपल्या डबीत घालून विकणारे. किराणा दुकानदार चहा स्वतःच्या पुडीत भरून विकतो तसं हे. कॅलिफोर्नियातल्या फ्रीस्टाइल या फोटोसाहित्याच्या दुकानाचा ‘अरिस्टा ईडीयू अल्ट्रा’ हे त्याचं ठळक उदाहरण. आतली फिल्म चेक प्रजासत्ताकातल्या फोमा कंपनीची. ही कंपनी १९२१ पासून ऱ्हादेत्स क्रालोव्हे शहरात आहे, आणि तीच फिल्म ती ‘फोमापान’ नावाने स्वतःही विकते. इथे मात्र ‘आत तीच फिल्म’ हे म्हणणं योग्य आहे. अरिस्टा आणि फोमापान यांत जो त्या दिवशी स्वस्त मिळेल तो घ्या, डोकं चालवायची गरज नाही. तिसरा प्रकार सिनेमाच्या फिल्मचा. त्याकडे पुढे येऊ.

आधी हिशेब. किमती दर काही महिन्यांनी हलतात, म्हणून आकडे फक्त उदाहरणादाखल धरू. नामांकित ४०० आयएसओचा ३६ फोटोंचा रोल १,००० रुपयांना, स्वस्त रोल ७०० ला, आणि लॅबमध्ये धुऊन स्कॅन करून घ्यायचे ६०० रुपये. नामांकित रोलचा एकूण खर्च १,६००, म्हणजे फोटोमागे सुमारे ४४ रुपये. स्वस्त रोलचा १,३००, म्हणजे फोटोमागे ३६. दुकानात ३० टक्के वाचल्यासारखे वाटतात, हातात फोटो येईपर्यंत बचत १९ टक्क्यांवर येते. आता रोल घरी धुतला आणि स्कॅनऐवजी डिजिटल कॅमेऱ्याने निगेटिव्हचे फोटो काढले, तर रसायनांचा खर्च रोलमागे ६० रुपये धरा. मग महाग रोलसुद्धा १,०६० मध्ये पडतो. म्हणजे स्वस्त फिल्म घेऊन लॅबकडे जाणाऱ्यापेक्षा महाग फिल्म घेऊन मोरीत धुणारा २४० रुपयांनी फायद्यात. काटकसर करायची असेल तर सुरुवात फिल्मपासून नव्हे, टाकीपासून करा. डेव्हलपिंग टँक, चेंजिंग बॅग, थर्मामीटर आणि मापाची भांडी यांवर ५,००० गेले असं धरलं, तरी दहाव्या रोलला ते फिटतात.

रसायनंही तयार पाकिटातलीच हवीत असं नाही. डी-७६ हा डेव्हलपर १९२० च्या दशकापासून वापरात आहे आणि त्याचं सूत्र कुणाचं गुपित नाही : लिटरभर पाण्यात मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, बोरॅक्स २ ग्रॅम. सल्फाइट मात्र निर्जल हवं. मेटॉल विरघळल्यावर बहुतेक सल्फाइट घालायचं. आधी घातलं तर मेटॉल विरघळायला कुरकुर करतं. हातमोजे घाला, मेटॉलने काहींच्या त्वचेला खाज सुटते. दहावीस ग्रॅमच्या टप्प्याने मोजणारा काटा पुरत नाही, ग्रॅमचा दशांश दाखवणारा हवा.

आता गुणवत्तेचं. माझं मत स्पष्ट आहे : १०० च्या फिल्ममध्ये स्वस्त आणि महाग यांतलं अंतर कमी असतं, ४०० मध्ये ते रुंदावतं. फोमापान १०० किंवा केंटमियर १०० उन्हात वापरली, नीट धुतली, तर आठ बाय दहाच्या प्रिंटवर तक्रार करायला फारसं काही उरत नाही. आपल्याकडच्या उन्हासाठी १०० चीच फिल्म सोयीची. रखरखीत दुपारी ४०० चा रोल घातलात तर एफ-१६ ला शटर १/५०० च्या आसपास ठेवावं लागतं, आणि आजोबांच्या बऱ्याच कॅमेऱ्यांचं शटर तिथेच संपतं.

फोमापान ४०० च्या बाबतीत डबीवरचा आकडा जसाच्या तसा घेऊ नका. बऱ्याच डेव्हलपरमध्ये तिची खरी संवेदनशीलता ४०० च्या खालीच राहते, म्हणून जाणकार लाइट मीटर २०० ते २५० वर लावतात. मीटर ४०० वर ठेवून काढलेल्या फोटोत सावल्या कोऱ्या, काळ्याठिक्कर येतात, आणि ‘स्वस्त फिल्म वाईट’ असा शेरा बसतो. किमतीची तुलना करताना म्हणूनच हे ध्यानात ठेवा : तुम्ही ४०० ची फिल्म स्वस्तात घेत नाही, २५० ची घेता. गच्चीवर, रस्त्यावर त्याने काही बिघडत नाही. लग्नाच्या हॉलमध्ये, नाटकाच्या तालमीत किंवा पावसाळ्यातल्या संध्याकाळी बिघडतं. तिथे एचपी५ किंवा कोडॅक ट्राय-एक्सचे जास्तीचे पैसे वसूल होतात. एचपी५ पुश करून, म्हणजे मीटर वरच्या आकड्याला लावून आणि जास्त वेळ धुऊन, ३२०० पर्यंत वापरता येते असं इल्फर्ड स्वतः सांगते. केंटमियर ४०० पुश होते, पण सावल्या लवकर सोडते, आणि फ्रेममध्ये उघडा बल्ब असेल तर त्याच्याभोवती प्रभा जास्त पसरते. काहींना ती आवडते, मला नाही.

रात्रीच्या लांब एक्स्पोजरमध्ये फोमा सर्वात महाग पडते. मीटरने १० सेकंद सांगितले तर फोमापान १०० ला कंपनीच्याच तक्त्याप्रमाणे आठपट, म्हणजे ८० सेकंद लागतात. एचपी५ चं काम त्याच जागी सुमारे २० सेकंदांत होतं. गणपतीच्या रोषणाईसमोर ट्रायपॉड लावून गर्दीत ८० सेकंद उभं राहून पाहा.

फोमाचा लेप ओला असताना नाजूकही असतो. नागपूर-जळगावकडे मे महिन्यात नळाचं पाणी तिशीच्या वर जातं, तेव्हा बर्फ घातलेल्या परातीत बाटल्या ठेवून डेव्हलपर, फिक्सर आणि धुण्याचं पाणी सारख्याच तापमानाला आणा. ओल्या फिल्मवरून बोटं किंवा रबरी पट्टी फिरवू नका.

दुसऱ्याचा माल आपल्या डबीत भरणाऱ्यांची खरी अडचण वेगळीच आहे : नाव तेच राहतं, आतला माल बदलतो. जर्मनीतल्या अ‍ॅग्फाफोटोचं दिवाळं २००५ मध्ये निघालं. त्यानंतर ‘एपीएक्स’ हे नाव पुन्हा बाजारात आलं, पण ती अ‍ॅग्फाच्या लेव्हरकुसेन कारखान्यातली जुनी फिल्म नव्हती. जुन्या एपीएक्सचे धुण्याच्या वेळा वाचून नवा रोल धुतला तर निगेटिव्ह चुकणारच. म्हणून वेळ बघताना रोलच्या सोबत आलेला किंवा त्याच डबीवर छापलेला तक्ता पाहा. आणि मोठ्या नावांनाही हा नियम लागू आहे : फुजीच्या अ‍ॅक्रॉस १०० टू या फिल्मच्या डबीवर ‘मेड इन यूके’ लिहिलेलं असतं.

सिनेमाची फिल्म भरलेले रोल भारतातही छोटे विक्रेते विकतात. कोडॅकची डबल-एक्स ५२२२ ही दिवसाच्या उजेडात २५० ची कृष्णधवल फिल्म १९५९ पासून चालू आहे. तिच्या पाठीवर रंगीत सिनेफिल्मसारखा काळा थर नसतो, त्यामुळे ती साध्या डी-७६ मध्ये धुता येते. सिनेस्टिल कंपनी हीच फिल्म बीडब्ल्यूएक्सएक्स म्हणून विकते. ती मूळ फिल्मपेक्षा महाग पडते, म्हणजे डबी बदलली की किंमत उतरतेच असं नाही. हाताने भरलेला रोल घेताना तीन प्रश्न विचारा : फिल्म नेमकी कोणती, मुदत कधीची, आणि कॅसेटवर डीएक्स कोड आहे का? कॅसेटवर या कोडच्या काळ्या-चंदेरी चौकटी नसतील, तर स्वयंचलित कॉम्पॅक्ट कॅमेरे सहसा तिला १०० ची समजतात. हाताने आयएसओ लावता येणाऱ्या कॅमेऱ्याला त्याचं काही नाही.

महिन्याला तीनचार रोल संपवणाऱ्याने १०० फुटांची गुंडाळी आणि त्यातून कॅसेट भरायचा लोडर घ्यावा. एका गुंडाळीतून ३६ फोटोंचे सुमारे १८ रोल निघतात. फोमा आणि केंटमियर दोन्ही अशा गुंडाळीत मिळतात. पण आधी दोन रोल सुटे घेऊन ती फिल्म आपल्याला पटते का ते ठरवा; अठरा रोल नावडत्या फिल्मचे संपवायला फार दिवस लागतात.

उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ रोल गेल्यापासून आपल्याकडे सगळी फिल्म आयातच होते. वाहतूक आणि कर प्रत्येक डबीवर चढतात, म्हणून अमेरिकेतली स्वस्त-महाग यांची दरी इथे तशीच दिसेल असं धरू नका. अमेरिकेहून येणाऱ्या भाचीला अरिस्टाचे रोल आणायला सांगणार असाल, तर चेक-इन बॅगेत टाकू नको, हातातल्या पिशवीत ठेव असं बजावून सांगा. चेक-इन सामानाची तपासणी जास्त तीव्र असते. विमानतळावर हातातल्या सामानासाठीही नवी सीटी यंत्रं असतील, तर डबी काढून पारदर्शक पिशवीत ठेवावी आणि हाताने तपासायची विनंती करावी. ती नाकारली जाऊ शकते. तेव्हा एकाच फेरीत वीस रोल मागवू नका.