इंजेक्टर बदलण्याआधी

प्रश्न : माझ्याकडे 2018 सालची बीएस-4 पेट्रोल गाडी आहे. पाली ते रत्नागिरी रोजचं जाणं-येणं, अधूनमधून आंबा घाटातून कोल्हापूर. वर्षभरात ॲव्हरेज उतरलंय आणि घाटात गाडी पूर्वीसारखी ओढत नाही. चेक लाइट मात्र लागलेला नाही. गॅरेजवाले म्हणतात, चारही इंजेक्टर बदला. पुतण्या म्हणतो, मोबाइलवर डेटालॉगिंग करून इंजेक्टर ट्यून करता येतात. कोणाचं ऐकावं?
— एक वाचक, पाली (जि. रत्नागिरी)

उत्तर : पुतण्याचं अर्धं ऐका. नोंदी जरूर घ्या, ट्यूनिंगच्या नादी लागू नका. आणि नोंदी वाचून होईपर्यंत इंजेक्टरवर पैसे घालू नका.

इंजेक्टर म्हणजे विजेवर उघडमीट करणारी झडप. पाइपातला दाब ठरलेला असतो, त्यामुळे पेट्रोल किती जाणार हे झडप किती वेळ उघडी राहते यावर अवलंबून. इंजिन 800 आरपीएमवर जागेवर चालू असताना दोन फेऱ्यांना 150 मिलिसेकंद लागतात. त्यात इंजेक्टर उघडतो जेमतेम अडीच मिलिसेकंद. 6000 आरपीएमला त्याच दोन फेऱ्या 20 मिलिसेकंदांत उरकतात. किती वेळ उघडायचं ते ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, ठरवतो. आत आलेल्या हवेचं वजन काढायचं, पेट्रोलच्या वजनाच्या 14.7 पट हवा हवी या हिशेबानं पेट्रोल सोडायचं, आणि जळून बाहेर पडलेल्या धुरातल्या ऑक्सिजन सेन्सरकडून निकाल घ्यायचा. बॉशनं बनवलेला हा सेन्सर 1976 मध्ये व्होल्वोच्या गाडीत पहिल्यांदा बसला. आज आपल्याकडच्या स्वस्तातल्या स्वस्त गाडीतही तो आहे.

सेन्सरनं पेट्रोल कमी पडल्याचं सांगितलं की ईसीयू थोडं वाढवतो, जास्त झालं तर कमी करतो. ही दुरुस्ती टक्क्यांत नोंदली जाते. क्षणाक्षणाला हलते ती शॉर्ट टर्म फ्यूल ट्रिम. त्यातून हळूहळू मुरत जाते ती लाँग टर्म फ्यूल ट्रिम. म्हणजे तुमच्या गाडीचं ट्यूनिंग ईसीयू रोज करतोच आहे. तुम्हाला फक्त ते वाचायचं आहे.

स्टिअरिंगच्या खाली सोळा पिनांचं ओबीडी सॉकेट असतं. त्यात ब्लूटूथ अडॅप्टर लावला की मोबाइलच्या ॲपवर आकडे दिसतात आणि फाइलमध्ये साठवताही येतात. स्वस्त अडॅप्टर सावकाश चालतो, म्हणून वीस रकाने निवडू नका. आरपीएम, इंजिन लोड, कूलंटचं तापमान, दोन्ही ट्रिम आणि बॅटरीचं व्होल्टेज एवढे पुरेत. इंजेक्टर प्रत्यक्षात किती मिलिसेकंद उघडला हा आकडा अशा अडॅप्टरवर सहसा मिळत नाही, कारण तो ओबीडीच्या प्रमाणित यादीतच नाही. मोबाइलवर इंजेक्टर दिसतो अशी बऱ्याच जणांची समजूत असते. दिसते ती ईसीयूनं केलेली दुरुस्ती, आणि ती इंजेक्टरखेरीज इतर अनेक कारणांनीही वाढू शकते.

इंजिन पूर्ण गरम झाल्यावर, कूलंट 80 अंशांच्या पुढे गेला की नोंद सुरू करा. पाच मिनिटं गाडी जागेवर चालू ठेवा. मग हातखंब्याच्या बाजूला सपाट रस्त्यावर एकाच वेगानं काही अंतर जा. शेवटी नाणीज-साखरप्याकडून घाट चढा, पण ॲक्सिलरेटर पूर्ण दाबू नका. तो पूर्ण दाबला की बहुतेक गाड्यांत ईसीयू सेन्सरचं ऐकणं थांबवतो आणि ट्रिमला अर्थ उरत नाही. आकड्यांकडे बघण्याचं काम शेजारी बसलेल्याचं. गाडी चालवणाऱ्यानं मोबाइलकडे ढुंकूनही पाहू नये.

आता खरी गंमत. दोन्ही ट्रिमची बेरीज कुठे वाढते ते बघा.

फक्त जागेवर वाढत असेल आणि वेग घेतल्यावर उतरत असेल, तर संशय बाहेरून शिरणाऱ्या हवेवर किंवा इंजेक्टरच्या उघडण्यातल्या दिरंगाईवर. वीज मिळाल्यापासून झडप खरोखर उघडेपर्यंत सुमारे एक मिलिसेकंद फुकट जातो, आणि बॅटरीचं व्होल्टेज उतरलं की ही दिरंगाई वाढते. ईसीयू ती धरूनच वेळ ठरवतो, पण त्याच्या अंदाजात 0.1 मिलिसेकंदाची चूक झाली असं समजू. जागेवर अडीचपैकी कामाचे दीड मिलिसेकंदच असतात, म्हणून चूक पडते सहा-सात टक्क्यांची. घाटात दहापैकी नऊ मिलिसेकंद कामाचे असतात. तिथे तीच चूक टक्काभर. लोड वाढला की चूक विरघळते, ही या दोषाची खूण. इंजेक्टरच्या आधी बॅटरी, अल्टरनेटर आणि व्हॅक्यूमचे रबरी पाइप तपासा.

उलट जागेवर सगळं ठीक आणि चढावर ट्रिम चढत जात असेल, तर पेट्रोल पुरत नाही. तुमची तक्रार या प्रकारात बसते असं मला वाटतं. पण इथेही पहिला आरोपी इंजेक्टर नाही. साध्या एमपीएफआय गाड्यांत पेट्रोलचा दाब 3 बारच्या आसपास असतो. पंप थकला किंवा फिल्टर चोंदला आणि दाब 20 टक्के घटला, तर पेट्रोल सुमारे 10 टक्के कमी पडतं. गेज लावून दाब मोजणं हे कोणत्याही चांगल्या गॅरेजमधलं काही मिनिटांचं काम आहे.

सगळीकडे सारखीच वाढ दिसली तर मात्र पेट्रोलकडे बघा. आता पंपावर मिळतं ते 20 टक्के इथेनॉलचं ई-20. घाटापलीकडच्या उसाच्या पट्ट्यातूनही त्यासाठी इथेनॉल येतं. इथेनॉलला हवा कमी लागते, 14.7 ऐवजी फक्त 9 पट. त्यामुळे ई-20 साठी प्रमाण साधारण 13.5 वर येतं. दहा टक्के इथेनॉलवरून यावर आलेल्या गाडीत ट्रिम सुमारे चार टक्के वर सरकते, शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत आठ-नऊ टक्के. लिटरमागे ऊर्जाही घटते: दहा टक्क्यांच्या मिश्रणापेक्षा साधारण तीन-साडेतीन टक्के कमी. ॲव्हरेजची थोडी घट यातूनच आली असेल, आणि नवे इंजेक्टर ती भरून काढणार नाहीत. शिवाय घाटमाथा सुमारे दोन हजार फुटांवर आहे. तिथे हवा सहा-सात टक्के विरळ, म्हणजे टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद तेवढी कमी. ते मात्र पूर्वीही तसंच होतं.

दहा टक्क्यांच्या आतली ट्रिम सहसा चिंतेची नसते. चेक लाइट बहुतेक गाड्यांत वीस-पंचवीस टक्क्यांपुढे लागतो, म्हणून तो विझलेला असला तरी सगळं आलबेल आहे असं मानू नका.

ट्यूनिंगबद्दल थोडक्यात. ते शर्यतीच्या गाडीचं काम आहे, जिथे मुळातले इंजेक्टर काढून मोठे बसवलेले असतात. तिथे अचूक वाइडबँड सेन्सर लावून लॉग घेतात. सगळीकडे पेट्रोल आठ टक्के कमी पडत असेल तर ईसीयूला सांगितलेला इंजेक्टरचा प्रवाह, समजा मिनिटाला 200 घनसेंटिमीटर, उतरवून 185 करतात. ईसीयू मग झडप तेवढी जास्त वेळ उघडतो. तुमच्या गाडीत असं केलं तर खरा दोष झाकला जाईल. गाडीच्या मूळ तपशिलाला सोडून फेरफार करण्यावर मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 चं बंधन आहे, तेही ध्यानात ठेवा. डिझेलवाल्यांची गोष्ट निराळी. कॉमन रेलच्या अनेक इंजेक्टरवर मोजमापाचा सांकेतिक क्रमांक छापलेला असतो आणि इंजेक्टर बदलला की तो स्कॅनरनं ईसीयूत भरावा लागतो. तो भरून घेतल्याशिवाय गॅरेजमधून गाडी बाहेर काढू नका.

लॉगची एक मर्यादा सांगायलाच हवी. चार सिलिंडरांचा धूर एकाच सेन्सरपाशी येतो, त्यामुळे एकच इंजेक्टर चोंदला असेल तर नोंदीत चौघांची सरासरी दिसते. कोणता दोषी, हे कळायला इंजेक्टर काढून प्रवाह मोजणाऱ्या काचेच्या नळ्यांच्या यंत्रावर लावावे लागतात. म्हणून एअर फिल्टर, व्हॅक्यूमचे पाइप आणि पेट्रोलचा दाब हे तिन्ही ठीक निघाले तरच इंजेक्टर काढा. आधी साफ करून घ्या. साफ करण्यापूर्वीचे आणि नंतरचे चारही इंजेक्टरांच्या प्रवाहाचे आकडे गॅरेजवाल्यांकडून पावतीवर लिहून घ्या, आणि त्यानंतरही जो मागे राहील तेवढाच बदला.