रामघाटाची पायवाट

उज्जैनला गेलेला मराठी माणूस बहुधा महाकालाचे दर्शन घेऊन परततो. परंतु क्षिप्रेच्या रामघाटावरून पायी निघाल्यास आपलाच इतिहास भेटतो. अठराव्या शतकात महाकाल मंदिराचा जीर्णोद्धार केला तो राणोजी शिंदे यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी. पुढे एकोणिसाव्या शतकात बायजाबाई शिंदे यांनी गोपाळ मंदिर उभारले. पायी चालणारा थांबतो, विचारपूस करतो, फुलवाल्याकडे, चहावाल्याकडे चार पैसे खर्च करतो. वैशाखातील ११८ किलोमीटरची पंचक्रोशी यात्राही टिकली आहे ती वाटेवरच्या गावांच्या आधाराने. मात्र सुशोभनाच्या नावाखाली वाटेकडेची वस्तीच उठली, तर वाटसरूला वारसा सांगणार कोण? विद्यार्थीमित्रांनो, सहलीला जाल तेव्हा हा प्रश्न सोबत न्या.