साहेब रुजू होण्यापूर्वी



कारखान्याला नवा कार्यकारी संचालक मिळणार म्हटले की गावोगाव पहिली चौकशी होते ती साहेब कुठले आणि कुणाच्या ओळखीचे, याची. येण्यापूर्वी त्यांनी कोणता अभ्यास करावा, हे कोणी विचारत नाही. वास्तविक आपल्या बिलाचा आकडा त्यावर अवलंबून असतो.

शहरातल्या उद्योगातून येणाऱ्याला एक गोष्ट आधी उमगावी लागते. ठाण्याला वर्तकनगरजवळ रेमंडची लोकरी कापडाची गिरणी होती. लोकर गोदामात महिनाभर पडली तरी लोकरच राहते. उसाचे तसे नाही. तोडल्यापासून त्यातली साखर घटू लागते, म्हणून चोवीस तासांच्या आत तो गव्हाणीत पडावा लागतो. तेव्हा ताळेबंद उघडण्याआधी साहेबांनी लागण नोंदीची रजिस्टरे मागवावीत. आडसाली किती, पूर्वहंगामी किती, खोडवा किती हे पाहावे आणि मागच्या तीन हंगामांचा तोडणी कार्यक्रम नोंदीशी ताडून बघावा. कोणत्या गटात तोड लांबते ते कळते. पाळी मोडून कुणाचा ऊस आधी गेला, तेही त्यात दिसतेच!

ही बारीक गोष्ट नव्हे. पाच लाख टन गाळपात उतारा 0.1 टक्क्याने घसरला तर 500 टन साखर कमी होते. 2025-26 च्या हंगामाची एफआरपी 10.25 टक्के उताऱ्याला क्विंटलमागे 355 रुपये आहे. त्यावरच्या प्रत्येक 0.1 टक्क्याला 3.46 रुपये, म्हणजे टनाला 34 रुपये 60 पैसे वाढतात. त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते, तो खर्चही गटवार पाहावा.

दुसरा विषय पैशाचा. ऊस नियंत्रण आदेश, 1966 प्रमाणे बिल चौदा दिवसांत द्यायचे, उशीर झाल्यास वर्षाला 15 टक्के व्याज. साखर मात्र वर्षभर थोडीथोडी विकली जाते. मधला काळ बँकेच्या माल तारण कर्जावर निघतो, म्हणून बँकेची गाठ आधीच घ्यावी.

मुकादमांचे करार आणि उचली पावसाळ्यातच उरकतात. ऐन दसऱ्याला रुजू होणाऱ्याच्या हाती मग राहिले काय? आमच्या मते जूनमध्येच यावे.

प्रवरेचा दाखला आहे. 1950-51 च्या हंगामात तिथे गाळप सुरू झाले, तेव्हा अध्यक्ष होते पुण्याच्या गोखले संस्थेचे धनंजयराव गाडगीळ. पण एवढ्या मोठ्या अर्थशास्त्रज्ञालाही गावोगाव हिंडून भागभांडवल गोळा करणारे, तिथली माणसे आणि जमिनी ओळखणारे विठ्ठलराव विखे पाटील बरोबर लागलेच.

चार दिवस गट ऑफिसात चिटबॉयबरोबर फिरावे, शेजारच्या चालू कारखान्याच्या केनयार्डात एक रात्र काढावी. रजिस्टरे शेतकी खात्यात तयार असतात. येणाऱ्या साहेबांनी निरोप धाडला, तर नकला आम्ही घरपोच करू.