स्मार्ट प्लग आणि एक्स्टेंशन बोर्ड : बटण मोबाईलच्या हाती देण्याआधी विचारायचे दोन प्रश्न



आपल्या वडखळ-पेण भागातही आता घरोघरी वाय-फाय आलं आहे आणि त्याच्या मागोमाग स्मार्ट प्लग आले आहेत. मुलगा नोकरीला पनवेल-मुंबईला, आई-वडील गावी. मग तो ऑनलाइन मागवून एक प्लग आणून लावतो आणि तिकडून मोबाईलवर ओटीवरचा दिवा लावतो. गणपतीत मखराची रोषणाई आपोआप सुरू, आपोआप बंद. मुलांना याचं भारी कौतुक वाटतं आणि ती वर्गात येऊन सांगतात. म्हणून या वेळचा पाठ याच विषयावर घेतला आहे. चौथी-पाचवीच्या मुलांना गुणाकार-भागाकार येतो, तेवढ्यावर हा सगळा विषय समजतो. पालकांनीही तो मुलांसोबत बसून वाचावा.

स्मार्ट प्लग म्हणजे नेमकं काय?

स्मार्ट प्लग भिंतीवरच्या सॉकेटमध्ये बसतो आणि आपलं उपकरण त्याच्यात बसतं. आत एक छोटं विजेवर चालणारं बटण असतं, त्याला रिले म्हणतात. मोबाईलवरून हुकूम गेला की आतून 'टक' असा आवाज येतो, तो या रिलेचा. सोबत वाय-फायचा एक छोटा भाग असतो. झालं, एवढंच! स्मार्ट एक्स्टेंशन बोर्डात असे तीन-चार रिले एका पेटीत असतात, म्हणजे प्रत्येक सॉकेट वेगळं चालू-बंद करता येतं.

यातली मुख्य गोष्ट मुलांना नीट समजावून सांगा. स्मार्ट प्लग हे फक्त बटण आहे. त्याने भिंतीतली वायर जाड होत नाही, सैल सॉकेट घट्ट होत नाही आणि नसलेलं अर्थिंग येत नाही. साध्या बटणाला हात लावताना माणूस तिथे उभा असतो. इस्त्री कपड्यावर पालथी आहे का, बादलीत पाणी आहे का, हे त्याला दिसतं. स्मार्ट प्लगमुळे बटण आणि डोळे वेगवेगळ्या ठिकाणी जातात. म्हणून कुठलंही उपकरण त्यावर लावण्याआधी दोन प्रश्न विचारायचे :

१. हे उपकरण किती जड आहे?
२. समोर कुणी नसताना हे सुरू झालं, तर चालेल का?

पहिला प्रश्न : किती जड?

इथे जड म्हणजे वजनाने नव्हे, विजेच्या ओढीने. आपल्या घरात येणारी वीज २३० व्होल्टची असते. उपकरणावर वॅट लिहिलेले असतात. वॅटला २३० ने भागलं की किती अँपिअर ओढले जातात ते कळतं.

९ वॅटचा एलईडी बल्ब : ०.०४ अँपिअर
७५ वॅटचा पंखा : ०.३ अँपिअर
१०० वॅटचा टीव्ही : ०.४ अँपिअर
१००० वॅटची इस्त्री : ४.३ अँपिअर
१५०० वॅटची विजेची किटली : ६.५ अँपिअर
२००० वॅटचा गीझर : ८.७ अँपिअर

हा तक्ता फळ्यावर लिहिला की एखादं मूल हमखास विचारतं, "बाई, टीव्ही एवढा मोठा, इस्त्री एवढीशी, मग इस्त्री जड कशी?" हा प्रश्न आला की अर्धा पाठ झाला समजा. उपकरण केवढं आहे ते बघायचं नाही, ते काय काम करतं ते बघायचं. जे गरम करतं ते जड. गीझर, इस्त्री, किटली, इंडक्शन शेगडी, पाणी तापवायचा रॉड, हे सगळे जड गटातले. दिवा, पंखा, टीव्ही, चार्जर हे हलके.

मोटरवाल्यांचा तिसरा गट करा. पाण्याचा पंप, फ्रीज, पेण-हमरापूर-जोहे इथल्या गणपतीच्या कारखान्यांत रंग मारायला वापरतात तो कॉम्प्रेसर, हे सगळे यात येतात. १ एचपी म्हणजे ७४६ वॅट, ऐकायला कमी वाटतं. पण मोटर सुरू होतानाच्या क्षणी ती नेहमीपेक्षा कित्येक पट करंट ओढते. त्या झटक्याने साध्या स्मार्ट प्लगमधल्या रिलेचे संपर्क हळूहळू जळतात. कधी ते एकमेकांना चिकटूनही बसतात. मग मोबाईलवर 'बंद' दिसतं आणि मोटर चालूच राहते.

आता सॉकेटकडे या. आपल्याकडे दोन आकार आहेत. बारीक पिनांचं ६ अँपिअरचं आणि जाड पिनांचं १६ अँपिअरचं. गुणाकार करून बघा :

६ × २३० = १३८० वॅट
१६ × २३० = ३६८० वॅट

स्मार्ट प्लगही याच दोन प्रकारांत मिळतात, काही १० अँपिअरचेही असतात. म्हणजे गीझरसाठी १६ अँपिअरचाच प्लग हवा. कन्व्हर्टर लावून जाड पिन बारीक सॉकेटमध्ये बसवण्याची युक्ती करू नका. पिना वेगवेगळ्या जाडीच्या केल्या आहेत त्या यासाठीच, की जड उपकरण हलक्या जागी बसूच नये. खरेदी करताना आयएसआय चिन्ह बघा. प्लग-सॉकेटसाठी भारतीय मानक आयएस १२९३ हे आहे, तो आकडा वस्तूवर किंवा खोक्यावर शोधायला मुलांनाच सांगा.

चार सॉकेट, पण वाट एकच

एक्स्टेंशन बोर्डाबद्दल सगळ्यात मोठा गैरसमज इथे आहे. बोर्डाला चार सॉकेट असले तरी भिंतीत जाणारा प्लग एक आणि वायर एकच असते. चारही उपकरणांची बेरीज त्याच एका वाटेने जाते.

गणपतीतलं उदाहरण घेऊ. मखरापाशी ६ अँपिअरचा बोर्ड आहे. ३० वॅटचे दोन फोकस, १५ वॅटची चार तोरणं, ५५ वॅटचा टेबलफॅन आणि ५० वॅटचा आरतीचा स्पीकर. बेरीज २२५ वॅट, म्हणजे जेमतेम १ अँपिअर. एलईडीच्या काळात रोषणाईचा भार फारसा नसतो. पण घरात पाहुणे आले, चहासाठी कुणीतरी १५०० वॅटची किटली त्याच बोर्डाला लावली. आता बेरीज १७२५ वॅट, म्हणजे ७.५ अँपिअर. बोर्डाची मर्यादा ओलांडली.

"मग एमसीबी पडेल की!" असं पालक म्हणतात. पडणार नाही. त्या लाईनवरचा एमसीबी १६ अँपिअरचा असेल तर त्याच्या दृष्टीने ७.५ म्हणजे काहीच नाही. एमसीबी भिंतीतल्या वायरची राखण करतो, तुमच्या बोर्डाची नाही. आणि घरात आरसीसीबी असेल तर तो वीज गळती पकडतो, तापणारा बोर्ड त्याला कळत नाही. म्हणून एमसीबी पडला नाही म्हणजे सगळं ठीक, असं मानू नका.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट आहे. खाडी जवळ, हवा खारी आणि दमट, त्यात चार महिने पाऊस. सॉकेटमधल्या पितळी पट्ट्या काळ्या-हिरव्या पडतात, सैल होतात. तिथे विजेला अडथळा होतो आणि त्या जागी उष्णता तयार होते. ही उष्णता करंटच्या वर्गाप्रमाणे वाढते. समजा, अडथळा ०.१ ओहम आहे. १ अँपिअरला तिथे ०.१ वॅट उष्णता होईल. ७.५ अँपिअरला ती साडेपाच वॅटच्या पुढे जाते, म्हणजे ५६ पट. डास पळवायच्या लिक्विडचं मशीन साधारण ५ वॅटचंच असतं, तरी ते किती गरम लागतं हे आपल्याला माहीत आहे. तेवढी उष्णता एका पिनेच्या टोकाशी, प्लॅस्टिकमध्ये कोंडलेली. प्लग पिवळा-तपकिरी पडणं, जळका वास येणं, प्लग काढल्यावर पिन गरम लागणं, ही त्याची लक्षणं. असं दिसलं की वापर थांबवून वायरमनला बोलवायचं.

शिवाय बोर्डाला बोर्ड जोडू नका. लांब वायरचं वेटोळं तसंच ठेवून जड उपकरण चालवू नका, वेटोळ्यात उष्णता अडकते. आणि वायर सतरंजीखालून नेऊ नका.

दुसरा प्रश्न : समोर कुणी नसताना चालेल का?

आता खरी परीक्षा. पाणी तापवायचा रॉड १००० वॅटचा आहे, १६ अँपिअरच्या स्मार्ट प्लगला तो सहज पेलतो. पहिल्या प्रश्नात तो पास झाला. पण बादली रिकामी असताना टायमरने तो सुरू झाला तर? किंवा बादलीत पाणी आहे आणि घरातलं लहान मूल हात घालायला गेलं तर? म्हणून रॉड, इस्त्री, उघडी शेगडी ही उपकरणं स्मार्ट प्लगवर कधीच नको. ओटीवरचा दिवा, मखराची तोरणं, डासांचं मशीन चालेल. थर्मोस्टॅट नीट चालणारा, पक्का बसवलेला गीझर १६ अँपिअरच्या प्लगवर ठराविक मिनिटांनी बंद करण्यासाठी चालेल.

यातच लाईट जाण्याचा मुद्दा येतो. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं, तेव्हा कित्येक गावं अनेक दिवस अंधारात होती. एवढं मोठं संकट रोज येत नाही, पण पावसाळ्यात लाईट जाणं-येणं नेहमीचंच. लाईट परत आल्यावर स्मार्ट प्लगने काय करायचं? चालू व्हायचं, बंदच राहायचं, की आधी होतं तसं व्हायचं? बऱ्याच प्लगच्या अ‍ॅपमध्ये अशा अर्थाची सेटिंग असते. ती पहिल्याच दिवशी शोधा. दिव्याला 'आधी होतं तसं' चालेल, गीझरला 'बंद' हेच बरं. फ्रीजला मात्र स्मार्ट प्लग नकोच. एकदा चुकून बंद राहिला तर आतलं सगळं नासेल.

दुसरी तपासणी : राउटर बंद करा आणि टायमर लावून बघा. काही प्लग वेळापत्रक स्वतःच्या आत साठवतात, काहींना प्रत्येक वेळी इंटरनेट लागतं. गीझर बंद करण्याचं काम इंटरनेटच्या भरवशावर असेल तर ते धोक्याचं.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. बहुतेक स्मार्ट प्लग दोन तारांपैकी एकच तार तोडतात. जुन्या घरांच्या वायरिंगमध्ये फेज आणि न्यूट्रल उलटसुलट लागलेले असू शकतात. अशा वेळी मोबाईलवर 'बंद' दिसत असतानाही तोरणाच्या वायरमध्ये फेज राहते. म्हणून तोरण दुरुस्त करायचं, सरकवायचं, उतरवायचं असेल तर प्लग सॉकेटमधून बाहेर काढूनच हात लावायचा. अ‍ॅपवर विसंबायचं नाही.

यातून वीज वाचते का?

हे गणित पाचवीला द्या. समजा, सेट-टॉप बॉक्स न वापरतानाही ८ वॅट ओढतो आणि दिवसाचे २० तास तसाच पडून असतो.

८ × २० × ३६५ = ५८,४०० वॅट-तास = ५८.४ युनिट वर्षाला.

स्मार्ट प्लग स्वतः साधारण १ वॅट ओढतो, तोही चोवीस तास. १ × २४ × ३६५ = ८.७६ युनिट. म्हणजे प्लग लावून सुमारे ५० युनिट वाचतील, आणि भिंतीवरचं बटण हाताने बंद केलं तर पूर्ण ५८. आपल्याकडे प्रत्येक सॉकेटला बटण असतं, अनेक देशांत ते नसतं. तिकडच्या जाहिरातीतला फायदा आपल्याला जसाच्या तसा मिळत नाही. एक गंमतही होते. "बाहेर जाताना सगळी बटणं बंद कर" ही आजीची शिकवण बरोबरच आहे, पण तिने बटण बंद केलं की स्मार्ट प्लग झोपतो आणि मुंबईहून मुलगा मोबाईल दाबत बसतो. म्हणून कुठलं बटण चालू ठेवायचं ते घरातल्या सगळ्यांनी मिळून ठरवा, त्यावर रंगीत चिकटपट्टी लावा.

वर्गात आणि घरी घ्यायचा उपक्रम

१. मुलांनी मोठ्या माणसासोबत घरातल्या दहा उपकरणांवरचे वॅट वाचून वहीत लिहावेत. प्लग काढायचा नाही, सॉकेटला हात लावायचा नाही. लेबल दिसत नसेल तर खोकं किंवा माहितीपत्रक बघावं.
२. वॅट ÷ २३० करून अँपिअर काढावेत आणि हलके, जड, मोटरवाले असे तीन गट करावेत.
३. घरातल्या एका एक्स्टेंशन बोर्डावर काय काय लावलं आहे त्याची बेरीज करावी आणि ती बोर्डावरच्या आकड्याशी ताडून बघावी.
४. प्रत्येक उपकरणासमोर लिहावं : 'समोर कुणी नसताना चालेल' किंवा 'चालणार नाही', आणि कारण एका वाक्यात.

चौथ्या प्रश्नाची उत्तरं पालकांनी जरूर वाचावीत. आपल्या घरात कोण कधी एकटं असतं, कुठली वस्तू कुठे ठेवलेली असते, हे मुलांना चांगलं माहीत असतं. कारणं लिहिताना ती ते बरोबर सांगतात.

गणपतीची आरास करण्याआधी हा उपक्रम घेतलात तर उत्तम. बेरीज जास्त आली तर किटली स्वयंपाकघरातल्या १६ अँपिअरच्या सॉकेटला लावा, मखरापाशी नको. तुमच्या वर्गातल्या तक्त्यात कुठलं उपकरण सगळ्यात जड निघालं, ते आम्हाला नक्की कळवा.