काचेवरच्या रेघा कुणी ओढल्या?

प्रश्न : दिवाळीच्या आधी गाडीच्या दारांच्या काचांना आतून फिल्म लावून घेतली. उन्हाळा येईपर्यंत ड्रायव्हरच्या बाजूच्या काचेवर बारीक उभ्या रेघा दिसू लागल्या. आतून त्या काचेला कुणी हातसुद्धा लावत नाही. मग या रेघा आल्या कुठून? त्या पॉलिश करून जातील का? बाकीच्या काचा कशा जपाव्यात?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : रेघा उभ्या आहेत हे तुम्ही लिहिलंत, त्यामुळे काम सोपं झालं. फिल्मवरचा चरा कोणत्या दिशेला गेला आहे ते पाहिलं, की तो कुणी पाडला हे बहुतेक वेळा कळतं. गोल गोल, एकमेकांत अडकलेले बारीक चरे म्हणजे फडकं. खांद्याच्या उंचीवरचे तुटक, तिरपे ओरखडे म्हणजे सीटबेल्टचं बक्कल, अंगठी, बांगड्या किंवा घरचा कुत्रा. आणि सरळ उभ्या रेघा म्हणजे खुद्द काच. ती खाली-वर होते तेव्हा स्वतःच्या रेघा स्वतःच ओढून घेते. चारही दारांत ड्रायव्हरची काच सर्वांत जास्त वेळा उघडते, म्हणून सुरुवात तिथूनच झाली.

काच दारात जिथे शिरते तिथे बाहेरून एक आणि आतून एक अशा दोन रबरी पट्ट्या असतात. काचेला टेकणाऱ्या बाजूला त्यांना बारीक लव असते. शिवाय खिडकीच्या चौकटीत दोन्ही बाजूंना खाच असते, तिला गॅरेजवाले चॅनल म्हणतात. काच खाली जाताना तिच्यावरचं पाणी आणि धूळ निपटून काढायची, हे पट्ट्यांचं काम. त्या ते चोख करतात. पण निपटलेली धूळ जाणार कुठे? ती लवेतच बसते. काही महिन्यांत त्या पट्टीचा पॉलिश पेपर होतो आणि बटण दाबलं की तो काचेच्या पूर्ण उंचीवरून फिरतो.

मग फिल्म नसताना रेघा का दिसत नव्हत्या? कारण कठीणपणातला फरक. रस्त्यावरच्या धुळीत वाळूचे, म्हणजे गारगोटीचे कण असतात. खनिजांच्या कठीणपणाची मोहस मोजपट्टी 1 ते 10 अशी आहे. तिच्यावर गारगोटी 7 वर आणि साधी काच साडेपाचच्या आसपास येते. म्हणजे गारगोटी काचेलाही चरा पाडू शकते, पण त्यासाठी थोडा जोर लागतो. फिल्म मात्र पॉलिस्टरची, काचेपेक्षा कितीतरी मऊ. तिची जाडी साधारण 40 ते 50 मायक्रॉन, म्हणजे डोक्याच्या केसाहूनही कमी. चांगल्या फिल्मवर चरे थोपवणारा कडक थर दिलेला असतो, पण तो अवघ्या काही मायक्रॉनचा. विक्रेते त्यालाच ‘स्क्रॅचप्रूफ’ म्हणतात. त्या थराने फडक्याचा रोजचा स्पर्श सहन होतो, वाळूचा नाही.

फिल्म आतून लावतात तीसुद्धा याच भीतीने. बाहेरून लावली तर ऊन, पाऊस आणि रस्त्यावरचे खडे तिचा लवकरच निकाल लावतील.

तेव्हा काच नव्हे, पट्ट्या स्वच्छ ठेवायच्या. दुकानात मिळणाऱ्या महागड्या ‘प्रोटेक्शन’ बाटल्यांपेक्षा या कामाचा उपयोग जास्त, असं माझं स्पष्ट मत आहे. काच पूर्ण खाली घ्यायची, लवेवरून मऊ ब्रश फिरवत व्हॅक्यूमने धूळ ओढून घ्यायची. मग प्लास्टिकच्या जुन्या कार्डाला ओलसर मायक्रोफायबर फडकं गुंडाळून ते चॅनलमधून फिरवायचं. फडक्यावर जे काळं येतं ते पाहिलं की पटतं. रबर कोरडं पडून काच करकरत असेल तर सिलिकॉनचा स्प्रे आधी फडक्यावर घ्यावा आणि तो रबराला पुसावा, थेट फवारू नये. ग्रीस किंवा खोबरेल तेल लावायचा सल्ला कुणी दिला तर हसून सोडून द्या. तेलकट रबर धूळ धरून ठेवतं.

आणखी एक सवय. कच्च्या रस्त्यावरून, उसाच्या ट्रॉलीमागून किंवा बांधकामाजवळून आलात की काच लगेच खाली करू नका. आधी तिची वरची कड आणि बाहेरची बाजू पुसून घ्या. वरच्या कडेवर धुळीची एक रेष नेहमी साचलेली असते आणि काच उतरली की ती थेट पट्टीत जाते.

आता फडक्याकडे वळू. बहुतेक सोसायट्यांत सकाळी गाड्या पुसणाऱ्याकडे एक बादली आणि एक फडकं असतं. ते आधी चाकांवरून, मग बॉनेटवरून आणि शेवटी काचांवरून फिरतं. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, इतक्या गाड्यांना मिळून पाणी तरी किती मिळतं! पण आतल्या काचा त्याच्याकडून पुसून घेऊ नका. आतून पुसायला दोन मायक्रोफायबर फडकी वेगळी ठेवा, एक ओलं आणि एक कोरडं. पाण्यात सौम्य शाम्पूचे दोन-चार थेंब पुरतात. अमोनिया असलेलं काच पुसायचं द्रावण फिल्मला नको, त्याने रंग आणि चिकट थर दोन्ही बिघडू शकतात. ओल्या वर्तमानपत्राने पुसलेली उघडी काच लखलखते हे खरं, पण फिल्मवर तो कागद खरखरीत ठरतो. मुलांसाठी लावायच्या जाळीच्या पडद्यांचे रबरी चोषक फिल्मवर गोल डाग पाडतात, म्हणून चौकटीला अडकणारा पडदा बरा.

फिल्म नवी असताना पहिले तीन-चार दिवस काच खाली करायची नसते. खालचं पाणी अजून सुकलेलं नसतं, चिकट थर पकडत असतो, त्यामुळे कड उचलली जाते. पावसाळ्यात हाच काळ आठवड्यावर जातो. तेवढ्यात दिसणारे पाण्याचे लहान बुडबुडे आपोआप जातात, ते नखाने दाबत बसू नका.

विचारलं नाहीत, तरी सांगतो. सर्वोच्च न्यायालयाने 27 एप्रिल 2012 रोजी अविषेक गोएंका यांच्या याचिकेवर काचांना फिल्म लावण्यालाच मनाई केली होती. पुढे केंद्रीय मोटार वाहन नियमांतला 100वा नियम बदलला. 2021 पासून त्यात ‘सेफ्टी ग्लेझिंग’ला जागा मिळाली आणि 2024 मध्ये केरळ उच्च न्यायालयाने मर्यादेतल्या फिल्मला हरकत नाही, असा अर्थ लावला. पुढच्या-मागच्या काचेतून किमान 70 टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान 50 टक्के प्रकाश आत यायला हवा, ही अट मात्र कायम आहे. इथे लोक हिशेबात फसतात. समजा, कारखान्यातून आलेली काच 75 टक्के प्रकाश सोडते आणि तुम्ही 70 टक्क्यांची फिल्म लावली, तर एकूण साडेबावन्नच टक्के उरतात. ‘सत्तरची आहे, निर्धास्त लावा’ असं सांगणारा दुकानदार फक्त फिल्मबद्दल बोलत असतो. चौकात पोलीस मोजतात ती दोन्ही मिळून.

राहिला पॉलिशचा प्रश्न. काचेवरचा हलका चरा सेरियम ऑक्साइडने घासून पुसट करता येतो. फिल्मवर तेच केलं तर कडक थर निघून जातो आणि धुरकट ठिपका कायमचा राहतो. म्हणून आधी काच अर्धी खाली घेऊन वरच्या कडेकडे पाहा. काठापासून किंचित खाली रंग संपल्याची रेष दिसली तर ती फिल्म आहे. रंग काठापर्यंत असेल तर बहुधा काचच रंगीत आहे. तुमच्या बाबतीत तर फिल्मच. म्हणजे त्या एका काचेची फिल्म बदलायची, दुसरा उपाय नाही. सहा-आठ महिन्यांत रंग फारसा उतरलेला नसतो, त्यामुळे त्याच कंपनीची, त्याच क्रमांकाची फिल्म घेतली तर फरक डोळ्यात भरणार नाही. मात्र जुनी काढल्यावर आणि नवी लावण्याआधी त्या दारातल्या पट्ट्या तुमच्या डोळ्यांदेखत साफ करून घ्या. लव पार झिजली असेल तर पट्टीच बदला, नाहीतर पुढच्या दिवाळीला हाच प्रश्न पुन्हा पाठवावा लागेल.