एवढासा 'अप' गाळू नकोस

अगं, नव्या ऑफिसात दिवसभर इंग्रजी बोलावं लागणार म्हणून तू धास्तावली आहेस, हे तुझ्या मेसेजवरूनच कळलं. रोज पन्नास शब्द पाठ करायचं ठरवलंयस ना? ते आधी थांबव. मराठी शाळेतून आलेल्या मुलींना अवघड शब्द येतात. त्यांचं स्पेलिंगही सहसा चुकत नाही. त्या अडतात 'गेट', 'पुट', 'टेक', 'पिक' अशा चिमुकल्या क्रियापदांपाशी. त्यांना 'अप', 'ऑफ', 'आउट' असं काही जोडलं की अर्थ पार पालटतो, आणि हे आपल्याला कुणी नीट बसवून शिकवलेलं नसतं. पाचवीपासून इंग्रजी शिकलेल्या माझ्या पिढीला तर नाहीच. २००० साली मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं, तरी तुम्हा मुलींनाही ते शिकायला मिळालं ते बहुतेक गाळलेल्या जागा भरण्यापुरतं.

इंग्रजीत यांना 'फ्रेझल व्हर्ब' म्हणतात. लोगन पिअर्सॉल स्मिथ या लेखकाच्या १९२५ सालच्या पुस्तकामुळे हे नाव रूढ झालं. नाव सोडून दे, पण या प्रकाराला बिचकू नकोस. 'करून टाक', 'करून बघ' आणि 'करून बसली' यांतला फरक तुला लहानपणापासून कळतो की नाही? मागच्या छोट्या शब्दाने सगळा रंग बदलतो, हे मराठी माणसाच्या अंगवळणी पडलेलं आहे.

आज फक्त 'पिक अप' घेऊ. ते निवडलं कारण आपल्या 'उचलणे'शी त्याचं चांगलंच जुळतं, आणि तुझ्या रोजच्या बोलण्यात सर्वांत जास्त चूकही त्याचीच होते. 'ही इज नॉट पिकिंग माय कॉल' असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. त्यात 'अप' गळलेला आहे. नुसतं 'पिक' म्हणजे निवडणं, नाहीतर फूल-फळ तोडणं. म्हणून 'ही इज नॉट पिकिंग अप' म्हण, तेवढं पुरतं. 'कॉल' हा शब्दसुद्धा लागत नाही. स्टेशनवर घ्यायला येणाऱ्या मैत्रिणीचंही तसंच. 'आय विल पिक यू ॲट फाइव्ह' असं लिहिलंस तर इंग्रजी माणसाला वाटेल, पाच वाजता तू तिची निवड करणार आहेस. 'आय विल पिक यू अप ॲट फाइव्ह' लिही. त्याच ओघात सांगते, रिक्षातून सोडायचं असेल तर 'ड्रॉप मी ऑफ' म्हण. तो 'ऑफ'सुद्धा आपण गिळतो.

'यू' मधे आला ते पाहिलंस का? 'पिक अप द पार्सल' चालतं आणि 'पिक द पार्सल अप'ही चालतं. पण वस्तूच्या जागी 'इट', 'हिम', 'देम' असा छोटा शब्द आला की तो मधेच बसवायचा. 'पिक इट अप'. 'पिक अप इट' कधीच नाही. हा एक नियम जिभेवर बसला ना, की 'पुट इट ऑन', 'टर्न इट डाउन', 'थ्रो इट अवे' सगळी आपोआप सुधारतात. म्हणूनच मी तुला यादी देत नाहीये.

आता उचलण्याकडे ये. लहान पोर शेजाऱ्यांची भाषा 'उचलतं', तसंच 'शी पिक्ड अप कन्नड फ्रॉम हर नेबर्स'. क्लास न लावता, कानाने ऐकून शिकणं. संशयिताला पोलिसांनी उचललं, तिथेही 'पिक्ड अप'. धंद्याने उचल खाल्ली, 'बिझनेस इज पिकिंग अप'. गाडीने वेग घेतला, 'पिक्ड अप स्पीड'. हॉटेलचं बिल कुणी भरलं तर 'शी पिक्ड अप द बिल'. मात्र हे साम्य डोळे मिटून ताणू नकोस. ऊसतोड मजूर मुकादमाकडून घेतात ती उचल इंग्रजीत 'ॲडव्हान्स' आहे, आणि विडा उचलण्याशी 'पिक अप'चा काही संबंध नाही.

काही अर्थ मात्र आपल्या 'उचलणे'त नाहीत, आणि तेच ऑफिसात जास्त कानावर पडतील. मीटिंग अर्धवट राहिली की साहेब म्हणतील, 'लेट्स पिक अप व्हेअर वी लेफ्ट ऑफ'. म्हणजे सोडलं होतं तिथून पुढे सुरू करू. कुणी 'आय पिक्ड अप अ बग' म्हणालं तर त्याला सर्दी-तापाची नाहीतर पोटाची लागण झाली आहे. 'पिक अप सम मिल्क' म्हणजे येताना दूध घेऊन ये. 'पिक अप ऑन' म्हणजे न सांगता लक्षात येणं. समोरच्याचा चढलेला आवाज ऐकून त्याची नाराजी तू ओळखलीस, की 'यू पिक्ड अप ऑन इट'.

आणि 'पिक अप आफ्टर'. इथे जरा थांबते. दुसऱ्याने टाकलेला पसारा त्याच्यामागे आवरत बसणं, असा याचा अर्थ. हे वाक्य तुला लागणार आहे गं, कारण खोलीत तिघीजणी राहणार आणि तुझा स्वभाव मला माहीत आहे. भांडण न करता, शांतपणे 'आय कान्ट कीप पिकिंग अप आफ्टर एव्हरीवन' असं म्हणता यायला हवं. चांगल्या इंग्रजीचा मला वाटणारा मोठा उपयोग हाच, आपली बाजू स्पष्ट मांडता येणं.

एक नाजूक गोष्टही सांगून ठेवते. बार किंवा पार्टीच्या संदर्भात 'पिक समवन अप' म्हणजे अनोळखी माणसाशी सलगी करून त्याला गटवू पाहणं. 'पिकअप लाइन' ही तिथलीच. पण गाडीने घ्यायला येणाऱ्या सहकाऱ्याने 'आय विल पिक यू अप' म्हटलं तर लगेच दचकू नकोस, ते साधं वाक्य आहे. 'ही ट्राइड टू पिक मी अप' असं तू कुणाबद्दल सांगशील तेव्हा मात्र ऐकणारी तो दुसराच अर्थ घेईल. तसं खरंच घडलं, तर हेच शब्द न लाजता वापर आणि ताबडतोब कुणाला तरी सांग.

उच्चाराचंही थोडं. क्रियापद असेल तर 'अप'वर जोर येतो, आणि लिहिताना दोन शब्द सुटे. नाम असेल तर जोर 'पिक'वर, आणि शब्द एकच. गावातून भाजी भरून येणारी पिकअप हे नाम. ईमेल लिहिताना हा फरक सांभाळ.

आता वही काढ आणि 'पिक अप'ची पाच वाक्यं लिही. पुस्तकातली नकोत. तुझ्या खोलीतली, बसमधली, त्या नव्या ऑफिसातली लिही. मोठ्याने म्हण आणि मला व्हॉइस मेसेज पाठव. मी ऐकून सांगते, मग पुढच्या आठवड्यात आपण 'पुट ऑफ' घेऊ.